ट्रॅक्टर दोन भागांत, माणूस एका भागात

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. ज्यांना काम येतं ते असलं काही वाचत बसत नाहीत, आणि ज्यांना येत नाही पण येतं असं वाटतं, तेही वाचत नाहीत. मधे जे थोडे उरतात, म्हणजे ज्यांचा मेस्त्री सोमवारपासून ‘निघालोच’ म्हणतो आहे, ज्यांच्या पुतण्याने मोबाइलवर सगळं बघून ठेवलं आहे, आणि ज्यांच्या शेडमध्ये एखादी जुनी मॅसी क्लच धरेना म्हणून उभी आहे, त्यांनी पुढे सरकून बसावं. चहा नंतर.

नमुन्यादाखल मॅसी फर्ग्युसन ३५ घेतला आहे. हे मॉडेल १९५६ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून बाहेर पडलं. नावातला ३५ अश्वशक्तीच्या आसपासचा. पुढे त्यात पर्किन्सचं तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन आलं, १५२ घनइंचांचं, म्हणजे साधारण अडीच लिटरचं. साठच्या दशकात मद्रासच्या टॅफे कंपनीने मॅसी भारतात बनवायला घेतली, आणि आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर दिसते ती १०३५ याच घराण्यातली. नावातले फर्ग्युसन म्हणजे हॅरी फर्ग्युसन, नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची युक्ती रुजवणारे. पुण्यात कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जेम्स फर्ग्युसन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पुतण्या त्या कॉलेजात शिकला असेल, तर त्यामुळे क्लच बदलण्याच्या कामी त्याची पात्रता वाढत नाही.

पायरी पहिली: खोलू नका

निम्मे ट्रॅक्टर विनाकारण खोलले जातात असा माझा संशय आहे. पेडलला वरच्या बाजूला थोडा मोकळा खेळ असावा लागतो; पायाने दाबताना सुरुवातीचं थोडं अंतर काहीच जोर लागू नये. प्लेट झिजते तसा हा खेळ कमी होत जातो. तो संपला की रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं, प्लेट नीट आवळली जात नाही आणि क्लच स्लिप मारतो. खेळ पुन्हा आणायला दोन पाने आणि थोडा वेळ पुरतो. त्याऐवजी ट्रॅक्टरचे दोन तुकडे करणारी माणसं आहेत. गावात त्यांना मान मिळतो, कारण काम मोठं दिसतं.

खेळ बरोबर असेल तर दुसरी परीक्षा घ्या. मोकळ्या जागेत, पुढे-मागे कुणी नसताना, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लचमध्ये अजून जीव आहे. ते मजेत घुर्र करत राहिलं आणि जळका वास सुटला, तर मात्र पुढचं वाचा. ही परीक्षा एकदाच घ्यायची. पाहुण्यांना दाखवायला पुन्हा पुन्हा घेतली, तर उरलासुरला क्लच परीक्षेतच संपतो.

तिसरी गोष्ट वाकून बघायची आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे पोटाला एक छोटं भोक असतं, त्यात एक स्प्लिट पिन लोंबकळत असते. ती तिथे कुणी विसरलेली नाही. भोक चिखलाने बुजू नये म्हणून ती हलत राहते. तिथून काळं, पातळ ऑइल टपकत असेल तर क्रँकचं मागचं सील गेलं आहे; दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. अशा वेळी नुसती नवी प्लेट टाकणं म्हणजे नवी प्लेट तेलात भिजत घालणं. एकदा खोलला की सील, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या पोटातलं छोटं बेअरिंग आणि फ्लायव्हीलची दातेरी रिंग एका दमात बघून घ्या. या कामात सुट्या भागांपेक्षा खोलण्याची मजुरी भारी पडते, आणि मजूर तुम्हीच असलात तरी पाठ तुमचीच असते.

पायरी दुसरी: कणा समजून घ्या

ट्रकला लोखंडी चासी असते. इंजिन तिच्यावर बसलेलं असतं. ते उचलून बाजूला ठेवलं तरी ट्रक आपल्या जागी उभा राहतो. जुन्या शेती ट्रॅक्टरला चासी नसते. १९१७ साली हेन्री फोर्डच्या फोर्डसन मॉडेल एफने ही काटकसर जगभर नेली: चौकट टाकून द्यायची, इंजिनचं बीड, गिअरबॉक्सचं बीड आणि मागच्या अ‍ॅक्सलचं बीड एकमेकांना बोल्टने जोडायचं, आणि ट्रॅक्टरचा कणा तोच. स्वस्त पडलं, आटोपशीर झालं, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून याच पद्धतीचे आहेत. त्यामुळे क्लचची एक प्लेट बदलायची म्हटलं तरी कणा मधोमध सोडवावा लागतो.

यात एक भानगड आहे. शेतात एक चाक बांधावर चढलं तरी अख्खा ट्रॅक्टर कलंडू नये म्हणून पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर झुलता ठेवलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला चार चाकं दिसतात, पण ट्रॅक्टरला टेकू तीनच: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. ट्रॅक्टर अखंड असतो तोवर मागची चाकं पुढच्या भागालाही आडवं पडू देत नाहीत. मधले बोल्ट निघाले की इंजिन, रेडिएटर, बॅटरी-टाकीपैकी जे काही पुढच्या अर्ध्याला लटकलं असेल ते, असं काही क्विंटलांचं ओझं एका पिनवर आणि तुम्ही मागे लावलेल्या जॅकच्या रुपयाएवढ्या डोक्यावर उरतं. आता ते डावीकडे जाणार की उजवीकडे, हे ते आपलं आपण ठरवतं. नवशिका त्या वेळी बोल्ट मोजत असतो.

या सबंध कामात पाने कमी महत्त्वाचे आहेत. प्रत्येक बोल्टला पाना लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा निघाला की वजन कुठे जाईल? उत्तर देता आलं नाही तर पाना खाली ठेवायचा आणि तेव्हा चहा प्यायचा.

साहित्य

बाभळीच्या दोन चांगल्या पाचरी, प्रत्येकी वीतभर. जाड, चौकोनी, सुकलेल्या लाकडाचे ठोकळे, मिळाले तर रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे. एक चाकाचा जॅक, एक बाटली जॅक. लोखंडी स्टँड असतील तर उत्तमच. चेन ब्लॉक आणि तो टांगायला तीन पाइपांची घोडी, पण घोडीचे पाय खाली साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत. गुळगुळीत कोब्यावर पाय फाकले की घोडी बसते, आणि ती खाली काय आहे ते बघून बसत नाही.

घोडी नसली तर लोक झाडाकडे बघतात. आंब्याची फांदी दिसायला भक्कम असते. ती आतून पोकळ आहे की नाही हे तिला आणि वाळवीलाच माहीत. शेवग्याचा विचार ज्याच्या मनात आला, त्याने शेंगांच्या आमटीवर समाधान मानावं.

पाने इंच मापाचे हवेत, कारण जुन्या मॅसीचे बोल्ट इंचातले. पाऊण इंचाला १९चा पाना चपखल बसतो, आणि त्यामुळे माणूस फसतो. त्याला वाटतं सगळेच असे जमतील. मग अर्ध्या इंचाच्या बोल्टला तो १३चा लावतो, पाना किंचित ढिला बसतो, जोर दिला की बोल्टचे कोपरे गोल होतात आणि बोटांची सालं निघतात. गोटी पाने आणि रिंग पाने वापरा. स्लाय पाना घरात ठेवा, तो नळाला लागतो. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. आटे गेलेल्या बोल्टला शिव्या देऊन आटे परत येत नाहीत, हे गावोगावी तपासून झालेलं आहे.

घमेली दोन: एक बोल्टसाठी, एक तुमच्या अंगावरच्या वस्तूंसाठी. त्या दुसऱ्या घमेल्यात अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातला गोफ, खांद्यावरचा पंचा आणि मफलर जाईल. अंगठी बॅटरीच्या टोकाला आणि बॉडीला एकदम टेकली तर ती लाल होते, आणि त्या वेळी तिच्यात बोट असतं. चपला काढून बूट घाला. कोल्हापुरी पायताणाचा अभिमान बाळगावा, पण बिडाच्या तुकड्याला तो कळत नाही.

आणि विटा? विटा साहित्यात नाहीत. सिमेंटचे ब्लॉकही नाहीत. ते एकावर एक रचून केलेला टेकू फोटोत छान येतो. वीट सारखं वजन पेलते, पण टोकाचं वजन आलं की न सांगता फुटते. लाकूड आधी दबतं, कुरकुरतं, माणसाला हात काढायला वेळ देतं.

पायरी तिसरी: जागा आणि माणसं

सपाट, पक्का कोबा हवा. मुरमावर जॅक हळूहळू खाली बसतो, सारवलेल्या अंगणात तो लवकर बसतो, आणि पावसाच्या दिवसांत काय होतं हे लिहायला नको. कोबा नसेलच तर जॅकखाली जाड लोखंडी पत्रा किंवा फळी टाका. मागे जोडलेला नांगर, रोटाव्हेटर, जे काही असेल ते काढा, लिफ्टचे हात खाली सोडा. पुढे वजनाच्या पाट्या असतील तर त्याही उतरवा.

बघे जमणारच. त्यांना घालवणं अशक्य असतं, म्हणून त्यांची व्यवस्था लावायची. ट्रॅक्टर उलटला तर जिथवर पोचेल त्याच्या पलीकडे बाज टाका आणि वडीलधाऱ्यांना तिच्यावर बसवा. ‘आमच्या वेळी हे दोन माणसं हातानं करायची’ असं आबा म्हणतील. म्हणू द्यावं. त्या दोन माणसांतला एक पुढे लंगडत का होता, हे विचारू नये. लहान मुलं, कुत्रं आणि कोंबड्या लांब. कोंबडीला वायसर आणि दाणा यांतला फरक चोच मारल्यावरच कळतो.

आज्ञा देण्याचा नियम मात्र लेखी करा. ‘थांब’ कुणीही म्हणू शकतं, बाजेवरच्या आबांनी म्हटलं तरी सगळ्यांनी थांबायचं. ‘ढकल’ एकानेच म्हणायचं, आणि तो माणूस ढकलणाऱ्यांत नसावा. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: ढकल सगळे म्हणतात, आणि थांब ज्याचा हात अडकलाय तो म्हणतो.

पायरी चौथी: सोडवासोडव

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून त्यात फार वेळ घालवत नाही. आधी बॅटरी. ज्या वायरचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या बॉडीला गेलं आहे, ती पहिल्यांदा सोडा. मग दुसरी सोडताना पाना बॉडीला घासला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असतो, तेव्हा ठिणगी आणि विडी दोन्ही नकोत. डिझेलचा कॉक बंद करा. टाकी पुढच्या अर्ध्याला बसवली आहे की मागच्या, की दोन्हींवर तंगड्या टाकून बसली आहे, ते डोळ्यांनी बघा. मॉडेलनुसार हे बदलतं. नंतर बॉनेट, सायलेन्सर आडवा येत असेल तर तो, थ्रॉटलचा दांडा, मीटरची केबल, ऑइल प्रेशरची नळी, स्टार्टर आणि वायरिंग. प्रत्येक जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पुतण्याचा खरा उपयोग इथे आहे.

मॅसीला स्टिअरिंगचे दांडे दोन असतात, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. ते सोडले की पुढची चाकं मोकाट सुटतात. एक इकडे बघतं, एक तिकडे. अ‍ॅक्सलपासून मागे क्लच हाउसिंगला गेलेले दोन्ही रेडियस रॉडही सोडवावे लागतात. इथून पुढे कुणी ट्रॅक्टरला टेकून उभं राहायचं नाही.

पायरी पाचवी: पाचर

दोन्ही पाचरी पुढच्या अ‍ॅक्सलच्या वर, अ‍ॅक्सल आणि त्याच्या वरचं बीड यांच्यामधल्या फटीत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठोकायच्या. घणाने नको, हातोडीने, आलटून पालटून, दोन्हीकडे सारख्या. ठोकून झाल्यावर पाचर तारेने अ‍ॅक्सलला बांधा, म्हणजे हादऱ्याने निसटणार नाही. मग एकाने बॉनेटच्या जागी हात लावून इंजिन आडवं हलवून बघायचं. अजून सगळे बोल्ट जागेवर आहेत, तोवरच ही परीक्षा घेता येते. जरा जरी झोकांडी खाल्ली तर पाचर पुन्हा ठोका. पुढच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा.

पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात माकडाची एक गोष्ट आहे. सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून जेवायला गेलेला असतो, आणि माकड ओंडक्यावर बसून ती पाचर ओढून काढतं. पुढचं आपण शाळेत शिकलो आहोत. विष्णुशर्म्याने ती राजपुत्रांना शहाणं करायला सांगितली, पण ट्रॅक्टर खोलणाऱ्यांनाही ती तितकीच लागू पडते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कुणीतरी येतं, पाचरीकडे बघून ‘हे लाकूड इथं कशाला?’ म्हणतं आणि हात घालतं. हे माकड बहुधा घरातलंच असतं आणि मदत करायला आलेलं असतं. जेवायला जाताना शेडला कुलूप लावा.

पायरी सहावी: वेगळं करणं

आता दोन्ही अर्ध्यांना आपापला टेकू हवा. इंजिनच्या मागच्या टोकाला एक, गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला एक. नवशिके बहुतेकदा एकच लावतात, कारण त्यांना काढायचं एकच असतं. दुसरा अर्धाही नाक खाली घालतो, हे तो घालेपर्यंत त्यांच्या ध्यानात येत नाही. टेकू बिडाच्या जाड भागाला द्या, पातळ पत्र्याच्या चेंबरला कधीच नको.

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. आतलं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून जॅकने उचलून घ्यायचं आणि ठोकळ्यांवर उतरवायचं. जुळवणी करताना जॅकवर वजन घ्यावंच लागतं. तेव्हाही खाली ठोकळे रचलेले असावेत आणि त्यांच्यात व बिडात बोटभरापेक्षा जास्त फट नसावी. जॅक बसला तरी ट्रॅक्टर बोटभरच बसेल. आणि त्या फटीत बोट घालून ती मोजायची नाही.

कोणता अर्धा हलवायचा, यावर मेस्त्र्यांचे दोन संप्रदाय आहेत. एक पुढचा ओढतो, एक मागचा ढकलतो. मॅसीच्या बाबतीत मी दुसऱ्याकडे झुकतो, कारण पुढची दोन्ही चाकं मोकाट झालेली असतात, तर मागची मोठी चाकं न्यूट्रलमध्ये सरळ रेषेत मागे जातात. गिअरबॉक्सचं नाक तेवढं चाकाच्या जॅकवर धरायचं. पुढचाच ओढायचा असेल तर दोन्ही पुढच्या चाकांना आडवी पट्टी बांधून ती सरळ ठेवावी लागतात. उतारावर दोन्ही संप्रदाय बाद.

बोल्ट काढताना पुस्तकात सहसा न सापडणारी एक खूण आहे. टेकूची उंची बरोबर असेल तर बोल्ट पहिल्या झटक्यानंतर हाताने फिरतो. शेवटच्या आट्यापर्यंत अडत, कुरकुरत आला तर वजन त्याच्यावर टांगलेलं आहे. जॅक थोडा वर किंवा खाली घ्या, आणि बोल्ट मोकळा होईपर्यंत पुढच्याला हात लावू नका. खालचे आणि बाजूचे आधी काढा, वरचे दोन शेवटी. त्यांच्या जागी लांब दांडे आट्यात बसवता आले तर सोन्याहून पिवळं. दोन्ही भाग त्यांच्यावर सरळ सरकतात.

मग पहार नको, हलका हिसका द्या. दोन्ही बाजूंच्या डॉवेल पिना गंजून धरून बसलेल्या असतात, त्यांना वेळ द्या. फट उघडायला लागली की तिच्याकडे बघा, ती सगळं सांगते. खाली जास्त उघडली तर मधला भाग दबला आहे, जॅक वर घ्या. वर जास्त उघडली तर जॅक वाजवीपेक्षा जास्त उचलला आहे. वर-खाली सारखी उघडली की ‘ढकल’ म्हणणाऱ्याने ‘ढकल’ म्हणावं. क्लचमधून शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत दोन्ही भाग एका रेषेत राहिले पाहिजेत. मधेच एक भाग लटकला तर सगळं वजन प्लेटच्या मधल्या तुकड्यावर येतं. प्लेट बदलायचीच होती म्हणून कुणी हसतं, पण शाफ्टही वाकतो.

दोन भाग हातभर लांब गेले की लगेच दोन्हीकडे ठोकळे लावा. त्यांच्यामधल्या जागेत कुणी उभं राहून फोटो काढायचा नाही. पुतण्या काढेलच. त्याला बाहेरून काढायला सांगा.

आतली कामं

आत बारीक काळी धूळ असते. तोंडाने फुंकायची नाही, हवेचा पाइप मारायचा नाही. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम एकच न सोडता समोरासमोर थोडे थोडे सोडा, आत स्प्रिंग दाबून बसवलेल्या असतात. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक तडे दिसले तर टर्नरकडे न्या. मॅसीचा क्लच दुहेरी असेल (अर्ध्या पेडलला चाकं सुटतात, पूर्ण पेडलला पीटीओ) तर त्याच्या फिंगरची उंची गेजने सारखी करून घ्यावी लागते. हे सेटिंग ज्याला येतं त्याच्याकडे सबंध क्लच घेऊन जा. इथे तरी मेस्त्री येईल, कारण त्याला कुठे यायचं नाही.

जोडणी

सगळं उलट्या क्रमाने करा, असं म्हणून बहुतेक मार्गदर्शक इथे हात झटकतात. जोडणं सोडवण्याहून अवघड असतं. सोडवताना वजनाला जायचं असतं, जोडताना त्याला नेमक्या जागी यायचं असतं.

नवी प्लेट बसवताना जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा त्यासाठी केलेला दांडा मधून घालून प्लेट मधोमध धरा आणि मगच प्रेशर प्लेट आवळा. दुहेरी क्लचमध्ये शाफ्टही दोन असतात, एकात एक, आणि दोन्हींच्या खाचा जुळाव्या लागतात. दोन्ही भाग जवळ आले आणि चार बोटांच्या फटीवर अडले की काय करायचं? बोल्ट घालून ओढायचं, हे उत्तर सगळ्यांना सुचतं आणि त्याने बिडाचे कान तुटतात. बीड जोडणारे वेल्डर जिल्ह्याच्या गावी असतात आणि ते मेस्त्र्यांपेक्षा उशिरा येतात. योग्य उत्तर असं: बॅटरी सुटलेली, डिझेल बंद, आणि एकाने पुढून क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन किंचित फिरवायचं, दुसऱ्याने मागून हलका दाब ठेवायचा. खाचा जुळल्या की भाग आपोआप आत सरकतो. शेवटची फट हातांनीच मिटली पाहिजे. मिटेपर्यंत बोल्टला पाना लावायचा नाही.

बोल्टची भोकं जुळली की नाही हे बघायला बोट घालणारा माणूस प्रत्येक गावात एक असतो. त्याची ओळख पटवायला त्याचे हात बघावेत. टॉर्च लावून बघा, गज घालून बघा, पण बोट नको. दोन्ही भाग दोन मिलिमीटर हलले तरी ते कात्रीचं काम करतात.

बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळा. सगळे आवळून झाले, रेडियस रॉड आणि स्टिअरिंगचे दांडे जागेवर आले, त्यांच्या स्प्लिट पिना नव्या टाकल्या, आणि मगच पाचरी काढा. काढायला विसरू मात्र नका. पाचरीसकट ट्रॅक्टर शेतात गेला तर पुढचा अ‍ॅक्सल झुलत नाही, आणि पहिल्याच बांधावर एक मागचं चाक हवेत जातं. नंतर पेडलचा मोकळा खेळ सेट करा, स्टिअरिंग आणि ब्रेक शेडमध्येच तपासा, बॅटरीची बॉडीकडची वायर सगळ्यात शेवटी लावा, आणि न्यूट्रलमध्ये चालू करा.

आता ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचा आहे. तो डावा पाय क्लचच्या पेडलवर ठेवूनच चालवतो, कारण पाय ठेवायला दुसरी इतकी सोयीची जागा नाही. कारखान्याच्या गव्हाणीपाशी, दोन उसाच्या ट्रॉल्या मागे घेऊन, चढावर ब्रेक न लावता तो अर्ध्या क्लचवर तासभर उभा राहतो आणि मोबाइलवर बोलतो. त्याला समजावून सांगा. तो मान हलवेल. ड्रायव्हर बदलणं शक्य नसेल, तर बाभळीच्या पाचरी जाळायला टाकू नका, शेडमध्येच खुंटीला टांगून ठेवा.